बिनतारी कीर्तन

माउलीबुवा मोडनिंबकरांनी काल्याच्या कीर्तनात झोळी पसरली, तेव्हा भर मंडपात सगळ्यांत आधी उठला तो जोतिराम.

शेळगीच्या सप्ताहातली ही रीत जुनी. शेवटच्या दिवशी बुवा उपरणं पसरतात आणि दक्षिणा मागत नाहीत, व्यसन मागतात. कुणी तंबाखूची पुडी टाकतं, कुणी मिश्रीची डबी, आणि टाकणारा वर्षभर त्या वस्तूला शिवत नाही. निदान आठवडाभर तरी शिवत नाही. यंदा बुवांनी मोबाइल मागितला. "देह मंडपात आणि मन खिशात, असा श्रोता मला नको," म्हणाले. "ज्याला जमेल त्यानं एक वर्ष खिसा रिकामा ठेवा. विठोबाला तेवढं पुरे."

जोतिराम बाजार समितीतला निवृत्त तोलार. चाळीस वर्षं त्यानं कांद्याच्या गोण्या तोलल्या आणि काट्याला कधी कुणाचा हात लागू दिला नाही. असला माणूस 'वर्षभर वापरणार नाही' एवढ्यावर थांबतो होय? माइक ओढून घेतला आणि म्हणाला, "बुवा, वापरणार न्हाय, शिवणार न्हाय, आन् त्यातलं काय ऐकणारबी न्हाय!"

एवढं बुवांनी मागितलंच नव्हतं. पण मंडपात टाळ्या पडल्या, आणि ज्या वाक्याला टाळ्या पडल्या ते वाक्य परत घेता येत नाही.

त्याच्या मागोमाग आणखी दहाजण उठले. कुंभारीची तानाबाई उठली, गल्लीतला चनमल्लप्पा उठला, मंद्रूपचा सिद्धनाथ उठला. जोतिरामनं त्याच रात्री दहाही नावं वहीत उतरवून घेतली. बुवांनी सांगितलं नव्हतं, पण कुणीतरी लक्ष ठेवायला हवं की! मग हा गडी दर चार दिवसांनी कुणाच्या ना कुणाच्या दारात उभा. "काय चनमल्लप्पा, खिसा फुगल्यावानी दिसतोय?" चनमल्लप्पा खिशातून चष्म्याचं घर काढून दाखवायचा. तानाबाई तर त्याला लांबून बघितलं की विड्या वळायचं सूप मांडीवर ओढून घ्यायची आणि सुपाखाली काय आहे ते पांडुरंगालाच ठाऊक.

स्वतःचा मोबाइल जोतिरामनं भाच्याला देऊन टाकला. घरात उरला तो बायकोचा, राजाबाईचा, बटणांचा डबडा फोन. त्यावर बोलणं आलंच तर राजाबाई बोलायची आणि जोतिराम चार हातांवरून उत्तरं सांगायचा.

सगळं कसं नेमात चाललं होतं. आणि बुवांचा घसा बसला.

डॉक्टरांनी सांगितलं, मंडप नको, गर्दी नको, धूळ नको. भेटायलासुद्धा कुणी येऊ नये. फार तर पंधरा दिवसांतून एकदा घरात बसून तासभर बोला. बुवांच्या पुतण्यानं युक्ती काढली. दर एकादशीला संध्याकाळी पाच वाजता बुवा मोडनिंबला आपल्या ओसरीवर बसून कीर्तन करतील आणि ते नेटवर घरोघरी दिसेल. देवळाच्या फळ्यावर पत्ता लिहिला गेला. वर बुवांची ताकीद: कीर्तन संपलं की ते नेटवरून काढून टाकायचं. शिळं अन्न आणि शिळं कीर्तन कुणाला वाढायचं नाही.

म्हणजे झालं काय? ज्यांनी मोबाइल सोडला नव्हता त्यांना कीर्तन घरबसल्या मिळालं, आणि बुवांचा शब्द ज्यानं अक्षर न अक्षर पाळला त्या एकट्यालाच मिळेना. एक एकादशी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. जोतिराम पाच वाजता देवासमोर बसायचा आणि सहा वाजता उठायचा. चौथ्या एकादशीच्या आधी फळ्यावर नवी ओळ आली: या कीर्तनानंतर बुवांना चार महिने पूर्ण मौन. ते वाचून आला त्या दिवशी त्यानं भाकरी अर्धी टाकली.

"बटणांच्या फोनवर कीर्तन लागत न्हाय, न्हायतर मीच लावलं असतं," राजाबाई म्हणाली. "चनमल्लप्पाकडं जाऊन ऐका की. त्याच्या घरात एकादशीला पाच वाजता टाळ वाजतोय. मला खिडकीतनं ऐकू येतंय."

"टाळ वाजतोय? कसा वाजतोय?"

"मला काय म्हाईत? चष्म्याच्या घरातनं वाजत असंल."

 जोतिरामची नजर कोपऱ्यातल्या टेबलावर गेली. पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलाचा, अनिलकुमारचा, कॉलेजातला कंप्युटर तिथं जुन्या ओढणीखाली झाकून ठेवला होता. जोतिराम बघतच राहिला. मोबाइल सोडला होता. कंप्युटरचं नाव त्या दिवशी मंडपात कुणी काढलं होतं का? नव्हतं. त्यानं मनातल्या मनात ते वाक्य दोनदा तोलून बघितलं. काटा मधोमध.

नेट होतं माडीवर. भाडेकरू पूनम शाळेत शिकवायची, तिच्याकडं वायफायचा डबा होता. "काका, वापरा की, त्यात काय," म्हणून तिनं पासवर्डही कागदावर लिहून दिला. पण कंप्युटर खाली आणि डबा वर. वायर आणायची तर भिंतीला भोक पाडावं लागणार, आणि दिवाळीतच रंग दिलेल्या भिंतीला भोक पाडायची भाषा काढताच राजाबाईनं लाटणं खाली ठेवलं. राजाबाईनं लाटणं खाली ठेवलं की तो विषय संपतो.

म्हणून एकादशीच्या सकाळी जोतिराम नवी पेठेत गौसच्या दुकानात गेला. गौस कंप्युटर दुरुस्त करायचा. त्याचे वडील बाजार समितीत हमाल होते, त्यामुळं जोतिराम त्याचा लहानपणापासूनचा काका.

"वायर नको तर वायरलेस कार्ड बसवू काका," गौस म्हणाला. "छोटी पट्टी असते. कंप्युटरच्या पोटात बसवायची, मागं दोन अँटेना. वरच्या मजल्यावरचं वायफाय आपोआप ओढून घेतं. हे घ्या. मी साडेतीनला येतो आणि बसवतो."

"मोबाइल न्हाय ना ह्यात कुटं?"

"कार्डात? नाही हो काका."

कार्ड घरी आलं. घरात आलेली वस्तू आधी देवासमोर जाते, मग वापरात येते, हा जोतिरामच्या घरचा नेम. मिक्सर गेला होता, पंखा गेला होता, अनिलकुमारची पहिली मोटारसायकल तर दारातूनच देवाकडं तोंड करून उभी केली होती. डब्यातून कार्ड काढून त्यानं पाटावर ठेवलं. हिरवी पट्टी, त्यावर काळं चौकोनी काहीतरी, आणि खालच्या कडेला सोन्याच्या दातांची लखलखीत ओळ. गंध लावायचं तर कुठं लावायचं? हिरव्यावर शोभत नव्हतं, काळ्यावर दिसत नव्हतं. जोतिरामला ती सोनेरी कड म्हणजेच कार्डाचं कपाळ वाटलं. अष्टगंध चांगला दाट कालवला आणि पाची बोटं त्या सोन्यावर भक्तिभावानं ओढली. सोन्याहून पिवळं झालं. फुंकर घालून वाळवलं, वर तुळशीचं पान ठेवलं, आणि गौस यायच्या आधी पान काढून कार्ड डब्यात नीट परत ठेवलं.

गौस साडेतीनला आला. स्क्रू काढले, कंप्युटरचं पोट उघडलं, आतली धूळ फुंकली, कार्ड खाचेत दाबून बसवलं, मागं दोन अँटेना पिळल्या. त्या दोन काळ्या शिंगांकडं बघून राजाबाई म्हणाली, "बैलपोळ्याला रंगवाय हवीत."

कंप्युटर सुरू झाला. गौसनं बघितलं, पुन्हा बघितलं, मान खाजवली.

"काय झालं रे?"

"ह्याला कार्ड दिसतच नाही काका. आत कार्ड आहे हेच मानायला तयार नाही."

"समोर असून दिसत न्हाय," जोतिराम हळहळला. "देवाचंबी असंच हाय बघ."

गौसनं बंद केलं, कार्ड काढलं, दुसऱ्या खाचेत घातलं, चालू केलं. तेच. पावणेचार झाले, चार झाले. तिसऱ्यांदा कार्ड काढून त्यानं डोळ्यांजवळ नेलं आणि मधेच थांबला. नाकाजवळ नेलं.

"काका, ह्याला चंदनाचा वास येतोय."

जोतिराम छताकडं बघायला लागला.

"काका?"

"नवीन वस्तूला येतो की वास."

"आठ वर्षं झाली दुकान टाकून. कुठल्या कार्डाला असला वास नाही आला." गौसनं नखानं सोनेरी दात खरवडला. पिवळा पोपडा निघाला. "या अल्ला! काका, ह्याच दातांनी तर ते बोर्डाला चावतं. तुम्ही त्याच्या तोंडात गंध भरलंय!"

"कपाळ समजून लावलं रे..."

"हे एक दिवस मीटरला नैवेद्य दाखवतील आन् सगळी गल्ली अंधारात बसंल," राजाबाई म्हणाली. पण म्हणता म्हणता अनिलकुमारच्या जुन्या कंपासपेटीतला खोडरबर तिनंच शोधून दिला. गौसनं एकेक दात घासून लख्ख केला, कापडानं पुसला, कार्ड परत बसवलं. नशीब, काही जळलं नव्हतं. या वेळी कंप्युटरनं कार्ड मानलं. पण फक्त मानलं.

"आता ड्रायव्हर लागेल," गौस म्हणाला. "म्हणजे कार्ड कसं चालवायचं ते कंप्युटरला सांगणारा प्रोग्रॅम. सीडीत आहे, पण तुमचं सीडीचं यंत्र कधीच मेलंय. नेटवरून घ्यावा लागेल."

"मग घे की."

"नेट कुठाय काका?"

"त्यासाठीच तर कार्ड बसीवलं ना?"

"हौ. पण कार्ड चालायला ड्रायव्हर पाहिजे, ड्रायव्हरला नेट पाहिजे, नेटला कार्ड पाहिजे."

जोतिराम खाली बसला. कृपा झाल्याशिवाय नाम येत नाही आणि नाम आल्याशिवाय कृपा होत नाही, हे त्यानं बुवांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. तेव्हा ते फार गोड वाटायचं.

"दुकानात जाऊन पेनड्राइव्हवर आणू का?" गौसनं घड्याळ बघितलं. "पण जायला-यायला तास जाईल. सव्वाचार झालेत. पूनमताई पण शाळेत, वरचं कुलूप." त्यानं खिशातून मोबाइल काढला. "त्यापेक्षा हा वायरनं कंप्युटरला जोडतो. पाच मिनिटांत ड्रायव्हर उतरवतो, लगेच काढतो."

"नक्को!" जोतिराम असा ओरडला की राजाबाईच्या हातातलं भांडं वाजलं. "मोबाइल न्हाय लागायचा माझ्या कंप्युटरला. शब्द हाय माझा बुवांना."

"तुम्ही नाही शिवणार हो. मी शिवणार."

"त्यातलं काय आत यील की न्हाय?"

"ड्रायव्हर येईल."

"मग तेच की! त्यातलं काय घेणार न्हाय म्हणलोय मी."

"ऐकणार न्हाय म्हणलाय," राजाबाईनं दुरुस्त केलं. "घेणार न्हाय असं न्हाय म्हणला. मी हुते की बायकांत. आन् ड्रायव्हर काय अभंग म्हणतोय का?"

गौस जमिनीवर मांडी घालून बसला. "काका, एक सांगू? मी रोज्यात असताना दुसऱ्यानं पाणी प्यालं तर माझा रोजा मोडत नाही. मोबाइल माझा, हात माझा, पाप लागलं तर तेबी माझं. तुम्ही तिकडं तोंड करून बसा."

जोतिरामनं बराच वेळ तोललं. एका पारड्यात शब्द, दुसऱ्यात चार महिन्यांचं मौन. काटा काही थांबेना. शेवटी राजाबाई म्हणाली, "देवासंगं वाद घालायचा तर घाला, पर साडेचार झाले. पाचाला त्यो तिकडं कीर्तनात असंल, तुमचं ऐकाय मोकळा नसंल."

जोतिराम उठला, भिंतीकडं तोंड करून बसला, डोळे घट्ट मिटले, वर दोन्ही कानांत बोटं घातली आणि रामकृष्णहरी सुरू केलं. असा नाम घेणारा माणूस गौसनं जन्मात पाहिला नव्हता. त्यानं खुणेनंच राजाबाईला विचारलं, हसू का? तिनं मान हलवून नको सांगितलं, आणि स्वतः पदर तोंडाला लावला.

पाचला सात कमी असताना गौसनं त्याच्या खांद्याला हात लावला. मोबाइल केव्हाच खिशात गेला होता. कंप्युटरच्या कोपऱ्यात छोटा पंखा उलगडावा तशी खूण दिसत होती. पूनमचा पासवर्ड घातला, देवळाच्या फळ्यावरचा पत्ता घातला, आणि पडद्यावर मोडनिंबची ओसरी उघडली. बुवा अजून यायचे होते. वीणा भिंतीला टेकून ठेवलेली होती.

जोतिरामनं दोन्ही हात जोडले. आधी पडद्याला, मग गौसला.

"काका, मला कायकू?" गौस लाजला. "हे बघा, उजवीकडं लोक लिहितात ते येतं. तुम्हाला लिहायचं तर ह्या खालच्या चौकोनात. हे बटन दाबलं की जातं, चुकलं तर हे दाबा, एकेक अक्षर पुसतं. असरच्या नमाजची वेळ झाली, मी निघतो."

बुवा आले. वाळले होते, पण आवाजात तीच साखर, जरा खरखरीत झालेली. जोतिरामचे डोळे भरून आले. आणि तेवढ्यात उजवीकडून नावं वर सरकायला लागली. 'रामकृष्णहरी, तानाबाई, कुंभारी.' 'चनमल्लप्पा, शेळगी, दंडवत.' 'सिद्धनाथ, मंद्रूप.' आणखी एक. आणखी एक. जोतिरामनं वही काढली नाही, त्याला पाठ होतं. दहाच्या दहा!

बुवाही आपल्या पडद्यावर तेच वाचत होते. "सगळे आलात, आनंद झाला. आमचे जोतिराम तोलार दिसत नाहीत. चौथी एकादशी ही. तब्येत बरी आहे ना त्यांची? अरे, कुणीतरी त्यांना एक मोबाइल घेऊन द्या रे!"

आणि बुवांनी निरूपणाला हात घातला.

 झोळी कुणी पसरली होती? शब्द कुणाला दिला होता?  जोतिरामनं खालचा चौकोन गाठला. बटनांवर मराठी अक्षरं नव्हती. पण ट्रकांचे नंबर लिहून लिहून इंग्रजी अक्षरं त्याला येत होती, त्यातच मराठी लिहायचं ठरवलं. एका बोटानं. एक अक्षर शोधायला कधी कधी अख्खं चरण जायचं. 'बुवा मोबाइल तुम्हीच मागितला. मी दिला. मी शब्द पाळला. खालील लोकांनी मोडला'. मग एकाखाली एक दोन टिंबं. ती सापडायला सर्वांत जास्त वेळ लागला. मग नावं, गावासकट. बुवा बोलत होते, पेटी वाजत होती, मधे हशा झाला, मधे कुणीतरी हुंदका दिल्यासारखं वाटलं. जोतिराम एन शोधत होता.

दहावं नाव लिहून झालं. बोट पाठवायच्या बटनावर आलं. शेवटचं एकदा बघावं म्हणून त्यानं वर नजर टाकली, तर उजवीकडं नवी ओळ आली होती. तानाबाईची. 'जोतिरामदादा बरे हायत का कुणाला म्हाईत असंल तर सांगा. जिवाला घोर लागलाय.' खाली चनमल्लप्पा: 'आज त्यांच्या घरात कंप्युटरवाला गेलेला बघितला. कीर्तन सुटलं की जाऊन बघून येतो.' खाली सिद्धनाथ: 'मोबाइल मी देतो. माझ्याकडं दोन आहेत.'

जोतिरामचं बोट तसंच राहिलं. मग ते हळूच सरकलं आणि पुसायच्या बटनावर गेलं.

पण गौसनं सांगितलं होतं, एकेक अक्षर पुसतं. जोतिरामनं एकेक पुसलं. बटन दाबून धरलं तर झरझर जातं, हे सांगायचं गौसच्या ध्यानात राहिलं नव्हतं. मंद्रूप पुसलं, मग सिद्धनाथ पुसला. तानाबाई आणि तिची कुंभारी पुसायला चांगला वेळ लागला. लिहिताना एवढं लांबलंय असं वाटलं नव्हतं. दोन टिंबं गेली, 'मोडला' गेलं, 'शब्द पाळला' गेलं. सगळं कोरं झालं तेव्हा घाम पुसून त्यानं तीनच शब्द लिहिले, 'मी हाय हितं', आणि पाठवले.

पडद्यावर बुवा डोळे मिटून हात जोडून बसले होते. शेवटचा गजर संपला होता. ओसरी अंधारली, आणि पडदा काळा झाला.

जोतिराम त्या काळ्या काचेत स्वतःचंच तोंड बघत बसला.

राजाबाई उंबऱ्यात भाजलेल्या शेंगा सोलत होती. "झालं का मनासारखं?"

"व्हय. लई गोड झालं."

"कशावर हुतं?"

जोतिरामनं घसा साफ केला.  खोटं बोलायचं तर एकादशी, खरं बोलायचं तर बायको. "तू न्हाय ऐकलंस?" त्यानं उलट विचारलं.

"ऐकलं की. हितनं सगळं ऐकू येत हुतं. माळ्याची गोष्ट लावली हुती बुवांनी." तिनं एक शेंग फोडली. "देवळाच्या बागंला एक माळी हुता. फुलं कुणी चोरू ने म्हणून काठी घिऊन फिरायचा. ह्याच्या मागं धाव, त्याच्या मागं धाव. बारा वर्सं. मग एक दिस देव दारात आला आन् म्हणाला, बाबा, गावातल्या सगळ्यांनी मला फूल वाह्यलं. चोरून वाह्यलं, पर वाह्यलं. तुजंच तेवढं ऱ्हायलंय."

 "हे बुवा म्हणले, का तूच जोडतीयास?"

"तुमी तर पुढ्यातच बसला हुता की!"

बाहेरून चनमल्लप्पाच्या चपलांचा आवाज आला. तो गल्ली ओलांडून, हातातलं काहीतरी गडबडीनं खिशात कोंबत, यांच्याच दाराकडं येत होता. जोतिरामनं त्या खिशाकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

"ये चनमल्लप्पा, बस," तो म्हणाला, आणि स्वतः राजाबाईच्या शेजारी जमिनीवर टेकत पुढ्यातल्या मूठभर शेंगा ओढून घेतल्या. "हां, मग? पुढं काय झालं त्या माळ्याचं?"